एक काना जास्त

पेणच्या वाचनालयात मी माझा लेख वाचून संपवला तेव्हा पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी पदराने डोळे टिपले. टाळ्या झाल्या. आमचे सर, म्हणजे निवृत्त शिक्षक, ज्यांनी लिहू पाहणाऱ्या आम्हा दहाबारा जणांना महिन्यातल्या एका रविवारी एकत्र बसायची सवय लावली, ते म्हणाले, "दिवाळी अंकात पहिला लेख हाच. ठरलं." मी खाली बसले आणि मला आनंदाऐवजी भलतंच काहीतरी वाटायला लागलं. गॅस चालू ठेवून घराबाहेर पडलो की काय असं वाटल्यावर होतं, तसं.

रोह्याला परत येईपर्यंत गाडीत मी तो लेख चार वेळा काढला आणि चार वेळा पिशवीत ठेवला. शब्द सगळे बरोबर होते. शुद्धलेखन सरांनी तपासलेलं होतं. शेवटच्या परिच्छेदात मी लिहिलं होतं, "दारात माझे पती सुखरूप उभे होते. त्यांना पाहून माझ्या नेत्रांत आनंदाश्रू तरळले." हे वाक्य वाचताना माझाही आवाज वाचनालयात कापला होता. पण नेत्र हा शब्द मी आयुष्यात कधी तोंडाने उच्चारलेला नाही. आणि त्या दिवशी मी रडले नव्हते.

तो दिवस सांगते.

माझं रोह्यात बायकांचे ब्लाउज, ड्रेस शिवायचं दुकान आहे. माझे मिस्टर, ज्यांना मी घरात अहो म्हणते आणि इथे नुसतं हे म्हणेन, धाटावला एका केमिकल कंपनीत ऑपरेटर होते. त्या दिवशी यांची पहिली शिफ्ट होती, तीनला सुटणारी. तीन वाजायच्या जरा आधी मी एका अस्तराला कात्री लावत होते आणि अर्धं ओढलेलं शटर थडथडलं. आधी शटर, मग आवाज. कात्री कापडातच राहिली. समोरचा मेडिकलवाला रस्त्यावर येऊन धाटावच्या दिशेला बघायला लागला. मीही आले. थोड्या वेळाने तिकडे आभाळाच्या कडेला पिवळट करडा धूर दिसायला लागला.

यांचा फोन लागला नाही. तो लागणारच नव्हता, कारण फोन आत न्यायला परवानगी नव्हती, तो लॉकरमध्ये असायचा. हे मला माहीत होतं. तरी मी लावत राहिले. स्कूटी काढून निघाले तर अलीकडेच पोलिसांनी रस्ता अडवलेला. माझ्यासारख्या बऱ्याच बायका तिथे उभ्या होत्या. कोणी म्हणे अमुक प्लांट, कोणी म्हणे तमुक. एकाला विचारावं तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवी. मी सरकारी दवाखान्यात गेले. तिथे आणलेल्यांत हे नव्हते. परत रस्त्यावर आले. परत दवाखान्यात. शेवटी कोणीतरी सांगितलं, ताई, घरी जा, सुटलेली माणसं घरीच येतील.

घरी मी काय केलं ते मला नीट आठवतं. तांदूळ धुऊन कुकर लावला. शिट्टी व्हायच्या आत गॅस बंद केला, कारण शिट्टीत दारावरची कडी ऐकू येणार नाही असं वाटलं. दोरीवरचे कपडे काढले, घड्या घातल्या, मोडल्या, परत घातल्या. यांच्या शर्टाचं एक बटण सैल होतं, ते उसवून पुन्हा शिवलं. मग चांगली असलेली बटणंही उसवली आणि शिवली. देवापुढे बसावं असं मनात आलं, पण बसवेना.

दिवेलागणीला कोणाच्या तरी मोटरसायकलवरून हे उतरले. दारात उभे राहिले. एका बाजूची भुवई जळलेली, अंगाला औषधासारखा उग्र वास, आणि पायात भलत्याच चपला, रबरी, एक अंगठा तुटून तारेने बांधलेल्या. मी त्यांच्याकडे पाहिलं. मग मी काय म्हणाले, ते लेखात नव्हतं. लेखात आनंदाश्रू होते.

रविवारनंतरचा सगळा आठवडा मी दुकानात बसून मापं घेता घेता शब्द शोधत होते. भीती लिहिलं, खोडलं. घालमेल लिहिलं. तगमग लिहिलं. कासावीस लिहून पाहिलं, ते तर दुसऱ्याच कोणाचं तरी वाटलं, उसनं आणलेल्या साडीसारखं. एका गिऱ्हाईक बाईने विचारलंसुद्धा, "काय गो, ओठ हलवतेस कसले? जप करतेस काय?"

त्याच दिवसांत माझ्या लक्षात आलं, की त्या घटनेला आमच्याकडे प्रत्येकजण वेगळं नाव देतो. पेपरात भीषण स्फोट छापून आलं होतं. कंपनीच्या कागदावर दुर्दैवी घटना होतं. गावात अजून भडका म्हणतात, भडका झाला त्या वर्षी अमक्याची मुलगी दिली, असं. आणि आमचे हे, जे त्यात होते, ते आजवर फक्त आवाज म्हणतात. "आवाज झाला तेव्हा." "आवाजाच्या आदी." यापेक्षा मोठा शब्द इतक्या वर्षांत मी यांच्या तोंडून ऐकला नाही. मी लेखात भीषण स्फोट लिहिला होता. पेपरातला.

पुढच्या रविवारी बैठक नव्हती, तरी मी पेणला गेले. माझं माहेर पेणच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला. आमची भातशेती खारीची, म्हणजे समुद्राचं पाणी अडवणारा बांध शाबूत तोवर शेती, बांध फुटला की खारट चिखल. उधाणाचं पाणी चढलं की माझा बाप गावातल्या पुरुषांबरोबर बांधावर जायचा, माती टाकायला. आई घरी. मला आठवतं, त्या वेळी आईचे ओठ सारखे हलत असायचे, आणि आम्ही पोरं समजायचो की ती देवाचं नाव घेते.

आई अंगणात सुकट निवडत होती. मी तिच्याजवळ बसून विचारलं, "आये, बाबा बांधावर असायचा तेव्हा तुला काय वाटायचं?"

"वाटाचा काय? राग येयाचा."

"राग? भीती नाय?"

"राग. मेल्या, तुला बांदाची परली, पोरांची नाय परली, असा बोलत बसायची मी. श्या देयाची तुज्या बापसाला, तो येईसतवर."

"आणि आम्हाला वाटायचं तू देवाचं नाव घेतेस."

आई हसली. सुकटीतला खडा काढून लांब फेकला. "देवाला नाय दिल्या श्या. त्यालाच दिल्या."

"त्याच्या समोर कधी बोललीस असं?"

"समोर कशी बोलू? समोर ऐकलाव काय, जेवाला या." मग जरा थांबून म्हणाली, "आनी तू सोमवारचा दुकान टाकून ह्याच विचारायला आलीस?"

"आज रविवार आहे गो आये."

"व्हय? मंग बस. जेवून जा."

मी जेवून निघाले, पण जेवणात लक्ष नव्हतं. मेल्या हा शब्द डोक्यात फिरत होता. मागे मेल्या, समोर ऐकलाव काय. आमच्या घरी मी मागेही अहोच म्हणते. सासरी पहिल्या दिवसापासून तसंच. एकदाच सोडून.

घरी आले तेव्हा यांची दुसऱ्या दिवशी दुपारची शिफ्ट होती, म्हणून हे निवांत होते. आता हे धाटावलाच दुसऱ्या कंपनीत आहेत. मी लेख पुढ्यात ठेवला आणि म्हणाले, "ऐकता का जरा? तुमच्यावर आहे." मी लिहिते हे त्यांना माहीत होतं, पण वाचून कधी दाखवलं नव्हतं. त्यांनी टीव्हीचा आवाज बारीक केला. मग बंदच केला.

मी वाचलं. भीषण स्फोट आला तेव्हा त्यांनी मान खाली घातली. आनंदाश्रू आले तेव्हा वर पाहिलं.

"हे कोण?" त्यांनी विचारलं.

"कोण म्हणजे? मी."

"तू नाय रडलीस."

"मग काय केलं मी?"

"तू बोललीस, चपला बाहेर काढ."

माझ्या हातातले कागद तसेच राहिले. मला वाटलं होतं हे फक्त मलाच आठवतं. त्या दिवशी ते जसे काय ऐकलंच नाही असे आत आले होते.

"काढा नाय," ते म्हणाले. "काढ. लग्नाला इतकी वर्षं झाली, एकदा पण तू मला अरे-तुरे केलं नव्हतंस."

"तुम्हाला राग आला होता?"

"राग?" ते उठले, खिडकीपाशी गेले, परत आले, बसले. "मी गेटपासून कोणाशी बोललो नव्हतो. लोक विचारत होते, मला तोंडच उघडता येत नव्हतं. डोकं नुसतं सुन्न. मोटरसायकलवर मागे बसलो होतो तर मला वाटत होतं मी मेलोय आणि हे असंच असतं मेल्यावर, कोणीतरी गाडीवरून नेतं. तू काढ बोललीस तेव्हा समजलं, घरी आलोय. मेलेल्या माणसाला कोण असं बोलतं?"

मी कागद खाली ठेवले. मग विचारलं, "त्या चपला कोणाच्या होत्या? दुसऱ्या दिवशी मी बघितलं तर दारात नव्हत्या. मला वाटलं तुम्ही फेकल्या."

हे स्वतःच्या तळव्यांकडे बघत सांगायला लागले. शिफ्ट संपत आली होती. पुढच्या शिफ्टला यांच्या जागी येणारा माणूस जरा लवकर आला म्हणून यांनी काम त्याच्या ताब्यात दिलं, बूट काढले आणि हातपाय धुवायला गेले. सोबतच्या एका वयस्कर कामगाराचा माणूस अजून आला नव्हता, म्हणून ते आत थांबले. तेवढ्यात आवाज झाला. हे अनवाणीच पळाले आणि मोरीच्या दारात ज्या चपला होत्या त्यांत पाय घातले. त्या त्या थांबलेल्या माणसाच्या होत्या. ते बाहेर आलेच नाहीत. ज्याच्या ताब्यात काम दिलं तो भाजला, पण वाचला.

"ते गेले हे मला दारात माहीत नव्हतं," हे म्हणाले. "सकाळी समजलं. मग चपला घेऊन त्यांच्या घरी गेलो. बाईच्या हातात द्यायला हिंमत नाय झाली. ओटीवर ठेवल्या आणि आलो."

इतकी वर्षं एका घरात राहून मला हे ठाऊक नव्हतं. मी विचारलं नव्हतं आणि त्यांनी सांगितलं नव्हतं. आम्ही दोघंही आवाज म्हणून पुढे जात होतो.

मी लेख नव्याने लिहिला. नेत्र गेले, अश्रू गेले, भीषण गेलं. स्फोट काढून आवाज लिहिला. घालमेल, तगमग सगळं काढलं आणि बटणं उसवली तेवढंच ठेवलं. चपलांची पुढची गोष्ट मी यांना विचारून वगळली. "ती नको," ते म्हणाले होते. शेवट असा झाला: "हे दारात उभे होते. मी म्हणाले, चपला बाहेर काढ." बस. लिहून झाल्यावर मला हलकं वाटेल अशी आशा होती. नाही वाटलं. उलट अंगावरचं काहीतरी काढून ठेवल्यावर वारा लागतो तसं झालं.

पुढच्या बैठकीत मी तो वाचला. कोणी डोळे टिपले नाहीत. सर चष्मा पुसत म्हणाले, "ताई, खरं सांगू? पहिला जास्त भिडला होता. हा जरा कोरडा झालाय. लोकांना रडायला येत होतं, ते तुम्ही घालवलंत."

"सर, ते रडणं माझं नव्हतं."

"वाचकाला काय फरक पडतो?"

मी कागद पिशवीत ठेवले. पण गेल्या वेळी डोळे टिपणाऱ्या त्या बाई निघताना माझ्याजवळ आल्या आणि हळूच विचारलं, "मग तुम्ही त्या रात्री जेवलात काय हो दोघं?" मी सांगितलं, कुकर अर्धाच शिजला होता, तसाच कच्चट भात वरणात कालवून खाल्ला. त्यांनी मान हलवली आणि माझा दंड धरून उभ्या राहिल्या. बराच वेळ सोडला नाही.

सर हट्टी नाहीत. त्यांनी नवा लेखच घेतला. दिवस गेले. मग एका सकाळी त्यांनी फोनवर माझ्या पानांचे फोटो पाठवले, छापायला जायच्या आधीचे. खाली लिहिलं होतं, किरकोळ चुका दुरुस्त केल्या आहेत, दुपारी प्रेसला देतो. मी शिलाई मशीनवर बसल्या बसल्या वाचत शेवटाला आले. "मी म्हणाले, चपला बाहेर काढा."

एक काना. मी पडदा मोठा करून पाहिलं. काना होताच.

सरांना फोन लावला, उचलला नाही. पुन्हा लावला. मेसेज टाकला, तो वाचलाच गेला नाही. गाडीची वेळ पाहिली तर पेणकडची गाडी नुकतीच गेलेली, पुढची दुपारनंतर. मी दुकानात तीन फेऱ्या मारल्या. एका अक्षरासाठी कोणी एवढं करतं का, असं मलाच वाटत होतं, आणि तरी बसवत नव्हतं. शेवटी यांना फोन केला. सुट्टी होती, घरीच होते.

"पेणला जायचंय. आत्ता."

"कोण आजारी?"

"कोण नाही. काना."

हे पाच मिनिटांत मोटरसायकल घेऊन दुकानासमोर आले. वाटेत मी पाठीमागून ओरडून सगळं सांगितलं. किती ऐकू गेलं कोण जाणे, पण वेग वाढला.

प्रेस बाजारातल्या एका गल्लीत होती. सर तिथेच खुर्ची टाकून बसले होते, फोन घरी विसरलेला. मला बघून दचकले. मी धापा टाकत म्हणाले, "सर, काढा नाही, काढ."

"अहो ताई, ती टायपिंगची चूक होती ना? सगळ्या लेखात तुम्ही त्यांना अहोजाहो करता आणि शेवटच्या वाक्यात काढ. वाचणारा म्हणेल, मुद्रणदोष. नाहीतर म्हणेल, बाई उद्धट आहे."

"म्हणू दे."

"एका कान्याने असा काय फरक पडणार आहे?"

मी काहीतरी लांबलचक समजावणार होते. शब्द सगळे ओठांवर गर्दी करून उभे होते आणि एकही धड निघेना. तेवढ्यात माझ्या मागून हे पुढे आले. त्यांना सरांनी आधी कधी पाहिलेलं नव्हतं. एका भुवईत केस अजून विरळच आहेत, ते सरांनी पाहिलं असावं.

"सर," हे म्हणाले, "ती काढ बोलली. मी होतो तिथं."

सर यांच्याकडे बघत राहिले. मग प्रेसवाल्याला म्हणाले, "शेवटच्या ओळीतला काना काढा बाबा." आणि स्वतः उठून त्याच्या संगणकापाशी जाऊन उभे राहिले, तो निघेपर्यंत.

परतताना नागोठण्यावरून सरळ खिंडीतून यायचं सोडून यांनी हायवे धरला. मी विचारलं नाही. खांबला एका टपरीपाशी गाडी लावली. आम्ही चहा घेतला. हायवेचं काम कधीचं चाललेलं, धूळ उडत होती, ट्रक जात होते, आणि अचानक हे बोलायला लागले. त्या थांबलेल्या माणसाबद्दल. मी काही विचारलं नव्हतं.

"रोज अंघोळ करूनच निघायचं, कितीपण उशीर होऊ दे. का, तर नातू जवळ येत नाय, वास येतो बोलतो. एकदा साबण संपला तर सुपरवायझरशी भांडले साबणासाठी. लय गमत्या माणूस हाय. कोणाची पण नक्कल करतो. साहेबाची तर अशी करतो की साहेब स्वतः हसतो."

हाय म्हणाले. करतो म्हणाले. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांना कळलेलं नव्हतं. मी काही दुरुस्त केलं नाही. "मग?" एवढंच म्हणाले.

"मग काय, दुपारी डबा उघडला की पहिलं दुसऱ्याच्या डब्यात बघणार..."

चहा संपला तरी ते बोलत होते. हेल्मेट घालताना बोलत होते. कोलाड सोडून आम्ही रोह्याच्या रस्त्याला लागलो, दुपारच्या शिफ्टच्या बस उलट बाजूने येत होत्या, धाटावचा तो वास नाकाशी आला, आणि त्या गेटवरून जातानाही हे बोलतच होते. वाऱ्यामुळे मला अर्धंच ऐकू येत होतं. मी पुढे सरकून त्यांच्या खांद्यावर हनुवटी टेकवली आणि उरलेलं ऐकायचा प्रयत्न करत राहिले.